नाताळच्या सुट्टीत डोंगरात खरी थंडी कुठे मिळेल?

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी,

मुलाच्या शाळेला २४ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी आहे. दिवाळीत नवऱ्याच्या कामामुळे घरीच होतो, त्यामुळे आता डोंगरात कुठेतरी जायचंच असं ठरलंय. अट एकच, थंडी हवी. पुण्यात सध्या सकाळी सातला स्वेटर, अकराला पंखा आणि रात्री परत दुलई असं चाललंय. सासूबाईंचं (वय ७२, गुडघे बेताचे, उत्साह आमच्यापेक्षा जास्त) म्हणणं, दिवसभर अंगावर शाल राहिली पाहिजे. मुलाला बर्फ हवाय. नवऱ्याला झोप हवी आहे आणि ती त्याला कुठेही लागते.

डोक्यात महाबळेश्वर, भंडारदरा किंवा सरळ मनाली आहे. गाडी जुनी आहे, महाराष्ट्राबाहेर नेणार नाही. जाऊन आलेल्यांनी सांगा. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

पेठेतला_गारठा

२५ ते ३१ डिसेंबर महाबळेश्वर? पसरणी घाटात गाडीत बसून लांबून पाचगणी बघायची हौस असेल तर जरूर जा. वाईत मिसळ खाऊन निघालात तर वर पोचेपर्यंत पुन्हा भूक लागेल.

अर्धवट_ट्रेकर

ताई, भंडारदऱ्याला +१. एकीकडे कळसूबाई (१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर), दुसरीकडे रतनगड, आणि पाणी ओसरल्यामुळे सांदण दरीतही उतरता येतं. आजी धरणाकाठी बसतील, तुम्ही दोघं चढून या. २५ डिसेंबरच्या आसपास मात्र कळसूबाईच्या शिड्यांवर रांग असते, हे धरून चला.

जमत असेल तर सुट्टीची वाट न बघता १३-१४ डिसेंबरच्या रात्रीच जा. मिथुन राशीतला उल्कावर्षाव तेव्हा ऐन भरात असतो. पुण्यात दिव्यांमुळे काही दिसत नाही. घाटावर अंधारात पाठ टेकून पडायचं आणि वर बघत राहायचं. मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका सगळं एका नजरेत.

कर्वेनगरी

१३-१४ला मुलाची चाचणी आहे. आणि 'आजी धरणाकाठी बसतील' हे मी घरात वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्या मुलाला सांग, तूच बस."

बर्फवेडी

मनालीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी डिसेंबरात हा प्रश्न इथे येतो आणि अर्धी माहिती घेऊन लोक निघतात.

नाताळात मनाली गावात (उंची साधारण २००० मीटर) बर्फ असेलच असं नाही. बर्फ पडतो पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे हे पट्टे हिमालयाला येऊन धडकतात. कधी डिसेंबरात दोन-तीन येतात, कधी आख्खा महिना कोरडा जातो. जानेवारी-फेब्रुवारीत शक्यता खूप जास्त. म्हणजे गर्दी नाताळाला असते आणि बर्फ नंतर येतो.

'अटल बोगद्यातून पलीकडे जाऊ, तिथे नक्की बर्फ' असं सगळे म्हणतात. बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग खिंड (३९७८ मीटर) बंद झाली की लाहौल जगापासून तुटायचं. आता बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत सहज जाता येतं, हे खरंच. पण बर्फ पडायला लागला की काय होतं ते २०२४च्या नाताळात दिसलं. सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकून पडल्या, पोलिसांनी लोकांना रात्रीतून बाहेर काढलं. अशा वेळी चाकांना साखळ्या लावलेल्या फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. रस्त्यावरच्या बर्फाची वरून काच होते, ब्रेक दाबला की गाडी आडवी. तिथले चालक निवांत हसत चालवतात, आपण मागच्या सीटवर रामरक्षा म्हणतो.

आणखी एक. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४च्या आधी १२० दिवस होतं). म्हणजे २४ डिसेंबरचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच काढायला हवं होतं. आता झेलम एक्सप्रेसमध्ये प्रतीक्षायादी आणि विमानाचे दर डोळे पांढरे करणारे. ७२ वर्षांच्या बाईंना घेऊन या आठवड्यात मी तरी जाणार नाही.

फक्त_वाचक

औली? तिथे बर्फ असतो ना नक्की? रोपवेचे फोटो बघितलेत.

बर्फवेडी

ते फोटो जुने आहेत. जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा, जानेवारी २०२३मध्ये, जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. रस्त्याने जाता येतं, पण हृषीकेशपासून तो रस्ता आख्खा दिवस खातो. आजींना नको.

आणि कोणी केदारनाथ सुचवायच्या आत सांगते, कपाटं भाऊबीजेलाच बंद होतात. हिवाळाभर पूजा खाली उखीमठला असते.

सिमला_ऑफिसवाले

वेधशाळेत नोकरी झाली, म्हणून चार ओळी जास्त लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

कर्वेनगरी ताईंच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: उंच गेलं की थंडी. दिवसा हे बरोबर. दर किलोमीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पुणे ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. जानेवारीत पुण्याचं दुपारचं तापमान ३०च्या घरात असतं तेव्हा महाबळेश्वरला २४-२५. आजींची दिवसभराची शाल तिथे सार्थकी लागेल.

रात्री मात्र गणित उलटं होतं. जानेवारीतलं किमान तापमान सरासरीने पुण्यात ११-१२, महाबळेश्वरला १३-१४. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रं 'पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड' अशी बातमी आश्चर्यचिन्ह लावून देतात. त्यात आश्चर्य काही नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी असली की जमीन रात्रभर आपली उष्णता वर फेकून देते आणि तिला चिकटलेली हवा गार होते. गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोलगट भागात साठते. माथ्यावर वाऱ्यामुळे हवा ढवळत राहते, तिथे एवढी गार होत नाही. मुठेचं खोरं म्हणूनच गारठतं. पुण्यातसुद्धा पाषाण, एनडीएकडे पारा शिवाजीनगरच्या खाली असतो आणि मगरपट्ट्याला बराच वर, कारण तिथलं सिमेंट रात्रभर तापलेलं राहतं. पुण्याचा नीचांक १७ जानेवारी १९३५चा आहे, १.७ अंश. तेव्हा शिवाजीनगर म्हणजे शेतं होती.

थोडक्यात, पहाटेची थंडी हवी असेल तर डोंगराच्या पायथ्याला, नदीकाठच्या खोऱ्यात मुक्काम करा. माथ्यावरच्या 'व्हॅली व्ह्यू'वाल्या खोलीला दुप्पट पैसे मोजून तुम्ही दोन-तीन अंश जास्त उबेत झोपता.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडे थंडी उत्तरेच्या वाऱ्यावर येते. हिमाचल-काश्मीरवरून विक्षोभ सरकला, तिकडे बर्फ पडून गेला की मागून कोरडे उत्तरेचे वारे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते. त्यापाठोपाठ पुणे. उलट बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल तर पूर्वेकडून ढग येतात आणि थंडी गायब. डिसेंबरात असं बऱ्याचदा होतं. त्यामुळे २५ डिसेंबरला नक्की थंडी असेल असं तीन आठवडे आधी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो आमच्या खात्यातला असला तरी.

पेठेतला_गारठा

काका, सिमला ऑफिस चौकात सिग्नलला उभं राहून अर्धं आयुष्य गेलं. हवामान खातं खरंच सिमल्याहून आलं का?

सिमला_ऑफिसवाले

हो. मुख्यालय सिमल्याला होतं, १९२८ साली ते पुण्यात आलं. १९४४ला दिल्लीला गेलं, पण बरीच कामं इथेच राहिली. मूळची दगडी इमारत अजून उभी आहे. बाहेर मेट्रोच्या कामाने चौक ओळखू येत नाही, तो विषय वेगळा.

वेण्णाकाठ

काकांनी लिहिलंय ते आम्ही रोज बघतो. माझं शेत वेण्णा तलावाच्या खालच्या अंगाला आहे. बाजारपेठेत लोक नुसत्या स्वेटरवर आइस्क्रीम खात असतात, त्याच पहाटे आमच्याकडे जीपच्या टपावर, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरं पडलेलं असतं. दवाचे थेंब गोठतात. लिंगमळ्याकडेही तसंच. मग टीव्हीवर 'महाबळेश्वरात हिमवर्षाव' अशी पट्टी फिरते आणि लोक मुंबईहून रातोरात निघतात. ते येईतोवर आठ वाजतात, ऊन आलेलं असतं, आणि मला विचारतात, बर्फ कुठाय?

पर्यटकांना गंमत, आम्हाला धाकधूक. गोठलं की फुलाचा मधला भाग काळा पडतो, त्या फुलाला फळ धरत नाही. पहाटे उठून ऊन पडायच्या आत पानांवर पाणी मारायचं, वरून आच्छादन टाकायचं, हे जानेवारीभर चालतं.

स्ट्रॉबेरीबद्दलही सांगतो. पावसाळा संपता संपता गादीवाफ्यांवर रोपं लावतो, नोव्हेंबरच्या अखेरीस पहिली फळं येतात. नाताळात जी लालभडक दिसते ती खरं सांगायचं तर आंबटच असते. थंडी टिकली की फळ सावकाश पिकतं आणि गोडी भरते, म्हणून जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी हा खायचा काळ. २०१०पासून महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी रस्त्यावर कोणतंही फळ त्याच नावाने विकतात. शेतावर येऊन घ्या.

नाताळाच्या आठवड्यात यायचंच असेल तर सकाळी सहाच्या आत वाई सोडा. भिलारला थांबा, ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं मांडलेली आहेत, आजींचा वेळ उत्तम जाईल. मांघरला मध मिळेल. पॉइंट वगैरे सोडून द्या.

कर्वेनगरी

काका, दादा, दोघांनाही मनापासून धन्यवाद. आत्ता घरात परिस्थिती अशी: सासूबाई 'खोऱ्यातच जाऊ' म्हणून बसल्या आहेत. मुलगा जीपच्या टपावरचा बर्फ 'खरा बर्फ' धरायचा की नाही यावर विचार करतोय.

काका, एक शंका. जमिनीवर गोठतं म्हणजे तापमान शून्याखाली गेलं ना? मग पेपरात महाबळेश्वर किमान १० असं कसं येतं?

सिमला_ऑफिसवाले

चांगला प्रश्न. आमचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो. गवताचं पातं किंवा जीपचा पत्रा उघड्या आकाशाखाली त्याहून कितीतरी गार होतो. शिवाय वेधशाळा तलावाच्या खोलगट भागात नाही. त्यामुळे दोन्ही बातम्या एकाच दिवशी खऱ्या असू शकतात.

मिरी_आणि_मीठ

कोणी खाण्याचं बोलणार आहे की नाही? १६ डिसेंबरच्या आसपास धनुर्मास लागतो. पहाटे मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, आणि सूर्य वर यायच्या आत नैवेद्य. आमच्या आजोळी जुन्नरकडे हे ओसरीत चुलीशेजारी बसून व्हायचं. शहरात फ्लॅटमध्ये सकाळी सहाला भरीत भाजलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर 'गॅस लीक?' असा मेसेज येतो.

खोऱ्यात कुठे घरगुती राहणार असाल तर मुक्कामाच्या घरी आधी सांगून ठेवा, भाकरी बाजरीची हवी. नाहीतर पर्यटक म्हणून पनीर समोर येतं. हुरड्यासाठी मात्र जानेवारी उजाडू द्या, तोही सोलापूर किंवा नगर रस्त्याला. डिसेंबरात जो 'हुरडा पार्टी'चा फलक दिसतो तिथे झोपाळे जास्त आणि कणसं कमी.

घोंगडी

मी भोरच्या वरच्या अंगाचा. आमच्याकडं येताय तर दोन शब्द.

रायरेश्वर लोकांना माहीत आहे. वर पठारावर जंगमांची वस्ती आहे, गहू करतात, पावसानंतर पठार हिरवंगार असतं, आता पिवळं पडलंय. वर जायला लोखंडी शिडी आहे, त्यामुळं आजींना तिकडं नेऊ नका. पण खाली खोऱ्यात राहा. आंबवड्याला नागेश्वराचं देऊळ आहे, झुलता पूल आहे, सपाटीला चालायला जागा आहे. काकांनी सांगितलं तसंच, पहाटं नदीवर धुकं बसतं आणि नऊ वाजेपर्यंत हलत नाही. वर पठारावर ऊन आणि खाली आम्ही गोठलेले.

या दिवसांत भाताची झोडणी उरकत आलेली असते. खळ्यावर पेंढा, रात्री रानडुकरं हरभऱ्यात शिरतात म्हणून राखण. राखणीला शेकोटी असते, पोराला तिथं आणा, खूश होईल.

आता गाऱ्हाणं. ३१ तारखेला गडाच्या पायथ्याला जे येतात त्यांना थंडी नको असते, डोंगरही नको असतो. मोठे स्पीकर, बाटल्या, आणि सुकल्या गवतात पेटवलेली जाळं. डिसेंबरनंतर गवत काडीसारखं वाळतं, एक ठिणगी उडाली की वणवा अख्खा डोंगर खातो. गुरांचा चारा जातो, कारवीचं रान जातं. विझवायला आम्ही फांद्या घेऊन पळतो, लावणारे तोवर पुण्यात पोचलेले असतात. तुम्ही तसे नाही हे दिसतंय, पण धागा बरेच जण वाचतात म्हणून लिहिलं.

अर्धवट_ट्रेकर

घोंगडी दादा, १०० टक्के. आम्ही ३१ला गडावर जाणं बंदच केलंय. सिंहगडावर तर त्या रात्री वर सोडतही नाहीत, आणि बरंच आहे. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही ५ जानेवारीलाही मिळतं.

दवाखान्यातून

मी डॉक्टर आहे, उपदेश थोडक्यात करते. बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. शेकोटी अंगणात, झोपताना फक्त पांघरुणं.

आजींना रक्तदाब असेल तर गोळ्या जास्तीच्या घ्या. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. पहाटेचं धुकं खिडकीतून बघावं, फिरायला ऊन आल्यावर.

पेठेतला_गारठा

डॉक्टर, माझ्या आईला हेच सांगितलं तर ती म्हणते 'न खाई भोगी तो सदा रोगी' आणि पहाटे पाचला गार पाण्याने आंघोळ करते. वय ८१.

दवाखान्यातून

त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि गरम पाणी द्या.

कर्वेनगरी

ठरलं. २६ ते २९ डिसेंबर भोरच्या खोऱ्यात. महाबळेश्वर फेब्रुवारीत एखाद्या मंगळवारी-बुधवारी, एका दिवसासाठी, थेट वेण्णाकाठ दादांच्या शेतावर (पत्ता व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करा). सासूबाईंनी भिलारसाठी चष्मा नवीन करायला टाकलाय.

बर्फाचं काय करावं? मुलाला 'मोठा झाल्यावर' हे उत्तर चालत नाहीये.

बर्फवेडी

परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये गुलमर्गला न्या. गोंडोल्याच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटच्या बाजूला, तेव्हाही बर्फ असतो आणि खाली श्रीनगरात ट्यूलिप. थंडीही सोसवेल अशी. तिथला खरा हिवाळा म्हणजे चिल्ला-ए-कलान, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस, नळात पाणी गोठतं, लोक फेरनच्या (लांब अंगरख्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून बसतात. तो तुमच्या सासूबाईंना आवडेल, पण नवरा झोपेतून उठणार नाही.

गोंडोल्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, आणि आजी पहिल्या टप्प्यावरच थांबू देत. दुसरा टप्पा चार हजार मीटरच्या जवळ जातो.

कर्वेनगरी

"पहिल्या टप्प्यावर ती बर्फवेडी बसेल," असं उत्तर आलंय. मी फक्त निरोप्या.

घोंगडी दादा, येताना आमच्याकडून काय आणू? आणि आंघोळीला गरम पाणी मिळेल ना?

घोंगडी

पाणी बंबात तापवतो, आंघोळी नऊनंतर. आणायचं काही नाही, पोराला कानटोपी आणि जाड मोजे घ्या. भाकरी बाजरीचीच, पनीर मिळणार नाही. गाडीचं स्टेपनी चाक तपासून निघा, भोर सोडलं की पंक्चरवाला लवकर भेटत नाही. पेट्रोलही भोरमध्येच भरा. रस्त्यात एका वळणाचं काम चालू आहे, अंधार पडायच्या आत पोचा. बाकी रस्ता व्यनि करतो.